आजीच्या घरातली जुनी भांडी आणि भरतकामाचे टेबलक्लॉथ : काय ठेवावं, कसं वापरावं?

माजघर
सांगलीतलं आमचं गावभागातलं घर दिवाळीनंतर रिकामं करायचं आहे. आई-बाबा कायमचे पुण्याला आमच्याकडे येत आहेत. गेले तीन शनिवार-रविवार मी माळा उतरवते आहे. जे निघतंय ते बघून हरखायलाही होतंय आणि पोटात कालवतंही आहे.

पितळी गंज, म्हणजे उभट पातेली, पाच, एकात एक बसणारे. तांब्याचा हंडा आणि घंगाळ. पुरणाचं पितळी यंत्र, जाळ्यांसकट. शेवेचा सोऱ्या, पण त्याची एकच चकती सापडली. बिडाचा तवा, गंजून लाल झालेला. चिनीमातीच्या सात बरण्या. लाकडी काथवट, तिला एका कडेला चीर गेली आहे. आणि आजी ज्या काशाच्या वाटीनं आमच्या तळपायांना तूप चोळायची, ती वाटी.

शिवाय एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात दुसुतीचे टेबलक्लॉथ, ताटावर झाकायचे मण्यांच्या झालरीचे रुमाल, क्रोशाचे गोल रुमाल, ट्रेवर घालायची कापडं. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी आलं तेव्हा ट्रंक बुडाकडून भिजली होती. नंतर कापडं वाळवली, पण गंजाचे तांबूस डाग तसेच राहिले.

आई म्हणते, भांडी मोडीत घालू, कापडं कुणाला तरी देऊन टाकू, पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे? दुकानदार पितळ वजनावर घ्यायला तयार आहे. मला ही भांडी रोजच्या स्वयंपाकात हवी आहेत, काचेच्या कपाटात नकोत. हे जमण्यासारखं आहे का?

अजून एक. सगळ्यात मोठ्या गंजाच्या काठावर नाव घातलेलं आहे. पहिलं अक्षर पार झिजलंय, पुढे नुसतं 'र्गा' वाचता येतं आणि त्याखाली 'शके १८७१'. आमच्या घरात या नावाचं कुणीच नव्हतं. शेजाऱ्यांचा गंज कधीतरी आमच्याकडे राहून गेला असेल का? तसं असेल तर तो मी कुठल्या तोंडानं घेऊन जाऊ?

पडवी
वाचते आहे. आमच्याकडे हेच सगळं १९८० च्या सुमारास मोडीत गेलं आणि बदल्यात स्टीलचे डबे आले. आई अजून त्या घंगाळाची आठवण काढते.

ताम्रपट
माजघर, सगळ्यात आधी दुकानदाराला नाही म्हणून सांगा. मोडीचा भाव धातूच्या वजनाचा असतो, घडणीचा एक पैसाही त्यात मिळत नाही. हातानं ठोकलेलं भांडं उजेडात तिरकं धरा, हातोडीच्या ठोक्यांची बारीक ठिपक्यांची ओळ दिसेल. पुण्याच्या तांबट आळीत त्याला माठार म्हणतात. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी वसवली. तो ठोका फक्त शोभेचा नसतो. ठोकून पत्रा घट्ट होतो आणि भांडं आकार धरून राहतं.

आता वापराबद्दल. पितळी गंजात शिजवायचं तर आतून कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंचेची आमटी, टोमॅटो काहीही घातलं तरी ते कळकतं. आंबटामुळे तांबं आणि जस्त अन्नात उतरतं. चव बिघडतेच, मळमळ आणि उलट्याही होतात. साधं पाणी तापवायला किंवा पीठ ठेवायला कल्हई नसली तरी चालेल.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडं भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो आणि पत्र्यावरचा सगळा मळ सुटतो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवतात. कथील २३२ अंशांना वितळतं. यातून स्वयंपाकाचे दोन नियम निघतात. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, आणि त्यात कडकडीत फोडणी करायची नाही. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घाला. घासायला तारेची घासणी नको, मऊ काथ्या किंवा कापड घ्या. आत पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई.

एक गोष्ट मात्र काटेकोर बघा. भांड्याच्या बुडाला किंवा सांध्याला राखाडी ठिगळ दिसलं तर तो डाख आहे. जुन्या डाखात शिसं असतं. असं भांडं स्वयंपाकाला अजिबात वापरू नका. कल्हईवाल्यालाही कथील शुद्ध आहे ना, हे तोंडावर विचारा. कथलात शिसं मिसळलं की काम स्वस्त पडतं, म्हणून ही लबाडी चालते. ओळखीचा, पिढीजात काम करणारा माणूस शोधा.

दोन_खोल्या
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. मी सासूबाईंच्या मागे सगळं म्हणजे सगळं ठेवलं. पाच वर्षं ती भांडी पलंगाच्या पोटात होती. काढली तेव्हा हिरवी झाली होती आणि मला रडू आलं. ठेवलं पण सांभाळलं नाही, असं झालं. त्यामुळे मोजकी निवडा. आठवड्यातून एकदा तरी हातात येईल तेवढीच घरात आणा, बाकीची नात्यातल्या हौशी माणसांना द्या. घंगाळ फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार?

ताम्रपट
दोन_खोल्या, तुमचं म्हणणं पटलं. घंगाळाबद्दल एवढंच सांगतो, आमच्याकडे ते बाल्कनीत पाण्यानं भरून फुलं सोडायला आहे आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बाथरूममध्ये येतं. वर्षातून चार दिवस आंघोळीला, बाकी फुलांना.

सुईदोरा
भांड्यांवर सगळे बोलतील, मी ट्रंकेवर बोलते. माझा जीव त्या दुसुतीत अडकला आहे.

दुसुती म्हणजे ताण्यात दोन आणि बाण्यात दोन सूत घेऊन विणलेलं कापड. त्याची घरं डोळ्यांना मोजता येतात, म्हणून शाळेतल्या मुलींना फुलीचा टाका त्याच्यावरच शिकवायचे. तुमच्या आजीच्या पिढीनं दुपारच्या दोन तासांत हे केलेलं आहे. एका टेबलक्लॉथला दोन दोन वर्षं लागायची.

आधी कापड उलटं करून बघा. सांगली म्हणजे कर्नाटकाला लागूनच, तेव्हा त्यात कर्नाटकी कशिदा निघायची बरीच शक्यता आहे. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन असे आकार असतील आणि उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या, कुठेही गाठ नाही, असं असेल तर तो गवंती टाका. टाका एकदा पुढे जातो आणि परतताना मधल्या रिकाम्या जागा भरत येतो. असं कापड निघालं तर ते टेबलावर न घालता भिंतीवर लावा, पण उन्हाच्या समोर नको.

गंजाचे डाग : ब्लीच मुळीच लावू नका, त्यानं गंज आणखी पक्का बसतो आणि सूत कुजतं. लिंबाचा रस आणि मीठ डागावर चोळून उन्हात ठेवा, वाळू देऊ नका, अर्ध्या तासानं स्वच्छ पाण्यातून काढा. एका वेळेत जाणार नाही. तीन-चार दिवस हेच करा. त्याआधी रंगाची परीक्षा करा. ओला पांढरा रुमाल लाल आणि काळ्या दोऱ्यांवर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर लिंबू दोऱ्याला लागू द्यायचं नाही, डागापुरतं कापसानं टिपायचं.

सगळं कापड आधी कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात भिजवा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि आडवं वाळवा. क्रोशाचे रुमाल उशीवर टाचण्यांनी ताणून वाळवले की कंगोरे मूळच्या आकारात येतात.

माजघर
सुईदोरा, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि कापडं उलटी करून बघितली. एक पट्टा आहे, हातभर लांब, काळ्या कापडावर. त्यावर हत्ती आणि तुळशीवृंदावन. दोन्ही बाजू सारख्या! मला आजवर तो साधा टेबलाचा पट्टा वाटत होता. कापड जुन्या चंद्रकळेतून, म्हणजे काळ्या साडीतून, कापलेलं असावं, एका कडेला काठाचे दोन दोरे शिल्लक आहेत.

ताम्रपट, एका गंजाच्या बुडाला राखाडी ठिगळ आहे. तो बाजूला काढला. त्याचं काय करू?

ताम्रपट
कुंडी करा. किंवा दारात छत्र्या ठेवायला.

सुईदोरा
चंद्रकळेवरचा कशिदा! माजघर, तो पट्टा आता घडी घालून ठेवू नका. पुठ्ठ्याच्या नळीवर पांढरं मलमल गुंडाळा, त्यावर पट्टा भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. घडीच्या रेषेवरच जुनं कापड आधी फाटतं. बाकीच्या टेबलक्लॉथांच्या घड्याही दर चार-सहा महिन्यांनी बदलत जा.

आणि खळ घालून ठेवू नका. खळीला कसर लागते. घालायच्या आदल्या दिवशी भाताच्या पेजेची पातळ खळ काढायची, हवी तर थेंबभर नीळ, आणि ओलसर असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री. सुलट बाजूनं फिरवली तर टाके चपटे होतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड कोंडू नका, पिवळं पडतं. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. मी वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत घालून ठेवते.

ओसरी
एक शंका. असले टेबलक्लॉथ जेवायच्या टेबलावर घालायचे आणि त्यावर आमटी सांडली तर? मला तर भीतीनं जेवण जाणार नाही.

सुईदोरा
हळदीला घाबरू नका. साबण लागला की डाग लालभडक होतो आणि माणसं तिथेच धीर सोडतात. साबण अल्कधर्मी असल्यामुळे हळद लाल होते, एवढंच. धुऊन कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन दिवसांत फिका पडतो. तेलाचा भाग आधी पीठ भुरभुरून शोषून घ्या. काळजी करायची ती चहाची आणि गंजाची.

आमच्याकडे रविवारच्या जेवणाला आजीचा टेबलक्लॉथ असतो. गेल्या वर्षी लेकीच्या हातून त्यावर रसाची वाटी पालथी झाली. डाग पुसट झाला पण पुरता गेला नाही. आता त्या डागापाशी लेकच बसते, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

टेक्सासकर
इकडून लिहिते आहे. माझ्याकडे आईचा बिडाचा तवा आणि दोन पितळी पातेली आहेत. इंडक्शनच्या शेगडीवर तांबं-पितळ चालत नाही, त्याला लोहचुंबक चिकटणारं बूड लागतं. बीड आणि लोखंड चालतं. मात्र तव्याचं बूड खरखरीत असेल तर काचेवर ओरखडे पडतात, म्हणून उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही.

माजघर, गंजलेला तवा फेकू नका. बीड गंजतं ते वरवर. पॉलिश पेपरनं घासून करडा धातू दिसू द्या, धुवा, लगेच आचेवर कोरडा करा. मग तेलाचा हात फिरवून फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्या, तव्यावर तेल दिसता कामा नये. धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या. असं पाच-सहा वेळा. तेल जास्त राहिलं तर चिकट पापुद्रा धरतो, माझा पहिला प्रयत्न त्यामुळेच फसला होता. नंतर आठवडाभर त्यावर फक्त कांदा परता आणि थालीपिठं लावा. घावन त्यानंतर. पहिले दोन महिने टोमॅटो-चिंच नको.

निळी_बरणी
बरण्यांवर कुणी बोललं नाही, म्हणून मी.

पांढरं अंग आणि तपकिरी खांदा अशा जाड बरण्या असतील तर त्या दगडी मातीच्या, कडक भाजलेल्या. लोणच्याला त्यांच्यासारखं काही नाही, कारण मीठ आणि आंबट त्यांचं काही बिघडवू शकत नाही. पण आत हात घालून बघा. आतल्या चकाकीवर केसासारख्या भेगांचं जाळं असेल तर तिच्यात लोणचं घालू नका. खार भेगांतून मातीत शिरतो, बरणी बाहेरून पांढरी फुलते आणि वास कधी जात नाही. अशी बरणी कालथे-झारे उभे ठेवायला घ्या. आतून रंगीत नक्षी असलेली, कुठली ते माहीत नसलेली भांडी आंबटासाठी वापरू नका, जुन्या रंगांत आणि चकाकीत शिसं असू शकतं. इनॅमलच्या टवके उडालेल्या ताटांचंही तसंच. टवका पोटात जायची भीती वेगळीच.

काचेच्या बरण्या निघाल्या तर जपा. तळेगावला लोकांनी पैसा पैसा गोळा करून १९०८ मध्ये काच कारखाना उभा केला, पैसा फंडाचा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता. तुमची सांगली तिथून जवळच, माळ्यावर एखादा कंदील असेलच बघा.

माजघर
आहे! काचेला तडा गेलाय, पण पत्र्यावर 'प्रभाकर' वाचता येतंय.

फोंडेकर
आमच्या फोंड्याच्या घरात तांब्याचं मोठं भाण अजून न्हाणीत चुलीवर आहे, पावसाळ्यात रोज पेटतं. निळ्या नक्षीच्या मकावच्या बश्या मात्र फक्त चतुर्थीला निघतात. आईचा नियम असा, की ज्यानं पुसायच्या त्यानंच परत ठेवायच्या. चाळीस वर्षांत एकच फुटली. घरातल्या मुलांच्या हातात लहानपणापासून द्या, मुलं जपतात. हा माझा अनुभव.

दिंडी_दरवाजा
गंजावरच्या नावाबद्दल. शके १८७१ म्हणजे त्यात ७८ मिळवा, इसवी सन १९४९. माजघर, तुमच्या आजीचं लग्न कधीचं?

माजघर
लग्नाचा फोटो आहे, मागे १९४९ लिहिलंय. पण आजीच्या नावात 'र्गा' कुठेच येत नाही हो.

दिंडी_दरवाजा
सासरचं नाव म्हणताय तुम्ही. माहेरचं काय होतं?

रुखवतातली भांडी माहेरची माणसं आणत. दुकानासमोर नाव घालणारा बसलेला असायचा, छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन, अक्षरांवर मोल. लग्नाच्या आधी नाव घातलं तर ते मुलीचं माहेरचं नाव असणार. सासरी तांदळात नवं नाव लिहिलं जायचं ते नंतर. गंजावरचं नाव कोण बदलणार?

पडवी
अंगावर काटा आला.

माजघर
काल रात्री नाशिकला आत्याला फोन केला. फोनवर दोन मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दुर्गा. आईचं माहेरचं नाव दुर्गा होतं. तिचा भाऊ यायचा तेव्हा दारातूनच त्या नावानं हाक मारायचा. तो गेल्यावर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही."

मी अडतीस वर्षांची आहे. आजी गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते. तिच्या हातचं एवढं खाल्लं, तिच्या कुशीत झोपले, आणि तिचं पहिलं नाव मला एका गंजाच्या काठावरून कळलं. बाबांनाही ठाऊक नव्हतं. ते गंज मांडीवर घेऊन किती वेळ अंगठा फिरवत बसले होते.

दुकानदाराला नको म्हणून कळवलं. आईनं स्वतःच फोन केला.

दोन_खोल्या
माजघर, मी वर मोजकं ठेवा म्हटलं होतं. हा गंज त्या मोजणीत धरू नका.

ओसरी
मग आता ते अक्षर झिजू नये म्हणून काय करायचं? आमच्याकडे दर आठवड्याला पितांबरी लावून घासतात.

ताम्रपट
नावाच्या जागी पूड किंवा राख लावू नका. घासणं म्हणजे दर वेळी धातूचा बारीकसा थर काढणं, पंचाहत्तर वर्षांच्या घासण्यानंच पहिलं अक्षर गेलंय. तेवढ्या भागाला चिंचेचं पाणी बोटानं लावा, मिनिटभरात धुवा, लगेच कोरडं पुसा. ओलं राहिलं की काळे ठिपके पडतात. खरं तर काठाची ती बाजू थोडी काळवंडू द्या. अक्षरांच्या खाचेत काळं राहिलं की नाव उलट जास्त स्पष्ट वाचता येतं. आणि कल्हईवाल्याला आधी दाखवून ठेवा, कल्हई आतून लागते पण तो बाहेरूनही घासून देतो.

वेळ मिळाला तर पुण्यात केळकर संग्रहालयात घरच्यांना घेऊन जा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशी लोकांच्या रोजच्या हाताळण्यातली वस्तू न् वस्तू जमवली आणि १९६२ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. तिथली भांडी बघून आपल्या माळ्यावरचं काय आहे ते ओळखता येतं.

सुईदोरा
माजघर, डाग निघाले का?

माजघर
उशीर झाला लिहायला, मधे सामान हलवण्यात तीन आठवडे गेले.

दुसुतीचे दोन टेबलक्लॉथ स्वच्छ निघाले. तिसऱ्याचं सूत गंजाच्या जागी कुजलं होतं, पाण्यात घालताच भोक पडलं. त्याचा चांगला भाग कापून चार ट्रेची कापडं शिवायला आईनं घेतली आहेत. ज्या आईला हे सगळं देऊन टाकायचं होतं, ती आता रोज दुपारी चष्मा लावून कडा दुमडत बसते. चंद्रकळेचा पट्टा नळीवर गुंडाळला आहे, पुढे चौकट करून घेऊ.

पुण्याला आलं ते असं : तीन गंज, पुरणयंत्र, तवा, काशाची वाटी, तीन बरण्या, काथवट. हंडा आत्याकडे गेला. घंगाळ चुलतभावानं मागून घेतलं, त्याच्या गच्चीत कमळं आहेत. काथवटीची चीर वाढू नये म्हणून पाण्यात न भिजवता ओल्या फडक्यानं पुसते आणि तेलाचा हात देते. भाकरीचं पीठ मळायला रोज लागते. सोऱ्याला दुसऱ्या चकत्या काही मिळाल्या नाहीत, कुणाकडे जुन्या पितळी चकत्या असतील तर कळवा, बसतात का बघू. व्यास पावणेदोन इंच.

कल्हई गेल्या रविवारी झाली. कल्हईवाले काका सोसायटीच्या मागच्या बाजूला बसले. नवसागराचा धूर निघाला तेव्हा बाबा मुद्दाम वाऱ्याच्या दिशेला जाऊन उभे राहिले, म्हणाले, हा वास मी लहानपणी घेतलाय. मोठा गंज पाण्यात बुडवून वर काढला तेव्हा आतून चांदीसारखा होता. काकांनी काठ बघितला आणि न सांगता ती बाजू तशीच सोडली.

संध्याकाळी त्यात चिंच-गुळाची आमटी केली. फोडणी वेगळी करून वरून घातली. आत्या नाशिकहून आली होती. तिनं पहिली वाटी भरली, आणि गंज फिरवून नावाची बाजू बाबांच्या पानाकडे केली.